गराज सेलमधलं शिवधनुष्य

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘माझे उपद्व्याप’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे. पहिल्या वर्षाला आम्हाला वर्कशॉप नावाचा विषय होता. त्यात लोखंडाच्या तुकड्याला कानस मारून तो काटकोनात आणायचा, एवढंच काम. माझा तुकडा सरांनी उजेडाकडे धरून पाहिला आणि काही न बोलता परत दिला. त्यानंतर मी हातात अवजार धरलं नाही, कीबोर्ड धरला. त्यामुळे जुन्या कंपाउंड धनुष्याचं रिकर्व्ह कसं केलं ते सांगा, असा संयोजकांचा फोन आला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “कसं केलंस ते सांग, पण किती वेळा चुकलास तेही सांग.” तर दोन्ही सांगतो.

आधी ही दोन धनुष्यं म्हणजे काय ते थोडक्यात. रिकर्व्ह म्हणजे टोकं बाहेरच्या बाजूला वळलेलं, आपल्या कॅलेंडरवरच्या रामाच्या हातात असतं साधारण तसं. जितकं ओढाल तितकं जड होत जातं, आणि पूर्ण ओढल्यावर सगळं ओझं तुमच्याच बोटांवर. कंपाउंडच्या टोकांना चाकं असतात. ओढताना मध्ये जड लागतं आणि शेवटी चाकं फिरली की एकदम हलकं होतं. जुन्या धनुष्यांत ओझं निम्म्याच्या आसपास कमी व्हायचं, आता ८० टक्क्यांपर्यंत होतं. म्हणजे पन्नास पौंडांचं धनुष्य ओढून धरायला दहा पौंडांचा जोर पुरतो.

आता गंमत बघा. हे कंपाउंड जन्मलं आपल्याच मिसूरीत. स्प्रिंगफील्डजवळ बिलिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी एका साध्या रिकर्व्हची टोकं कापली आणि तिथे चाकं बसवली. १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. दुसरीकडे रिकर्व्हसाठी जगभर नावाजलेली हॉइट कंपनी १९३१ साली सुरू झाली ती इथेच, सेंट लुईसला. पुढे ती युटाला गेली. आणि १९०४ चं ऑलिंपिक इथे भरलं तेव्हा त्यात तिरंदाजी होती, बायकांचीसुद्धा! आपण इथे वर्षानुवर्षं राहतो आणि पाहुणे आले की त्यांना आर्च दाखवून परत आणतो.

तर अ‍ॅलनसाहेबांनी रिकर्व्ह कापून कंपाउंड केलं, आणि मी साठेक वर्षांनी त्याच राज्यात कंपाउंडचं परत रिकर्व्ह करायला बसलो. हा उद्योग मी शोधलेला नाही. इथले हौशी लोक बरीच वर्षं करतात आणि अशा धनुष्याला ‘वॉर्फ’ म्हणतात.

मी यात पडलो ते मुलीमुळे. माझं माहेर, म्हणजे मुलीचं आजोळ नव्हे हो, आजोबांचं घर, सातारा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं दीडशेपैकी दीडशे गुण घेत पुरुषांचं विजेतेपद मिळवलं. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, व्हिडिओ कॉलवर नातीला ही बातमी इतक्या वेळा सांगितली की तिनं जाहीर केलं, “बाबा, मलाही शिकायचंय.” अदिती आणि ओजस दोघेही कंपाउंडवाले. पण आमच्या जवळच्या क्लबात मुलांना रिकर्व्हवरच सुरुवात करायला लावतात. ऑलिंपिकमध्येही आजवर रिकर्व्हच. २०२८ ला लॉस एंजेलिसला कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदा येणार आहे.

नेमका तेव्हा माझा प्रोजेक्ट संपला होता. व्हिसावर असलेल्या माणसाला साठ दिवस म्हणजे काय, हे या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नाही. नवीन धनुष्य, बाण, क्लबची फी असा हिशोब मी वहीत लिहिला आणि वही मिटून ठेवली. पुढच्याच शनिवारी एका गराज सेलमध्ये ऐंशीच्या दशकातलं, मॅग्नेशियमच्या मुठीचं कंपाउंड धनुष्य दिसलं. वीस डॉलर! मी घासाघीस केली नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळखा.

घरी आणून मी पक्कड शोधत होतो. तारा कापल्या की चाकं निघतील, इतकं सोपं गणित. जुन्या कंपाउंडला टोकाशी पोलादी तारा असतात. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून ओरडले. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर मशिनिस्ट म्हणून काम केलेले. आमच्या घरात त्यांचं नाव ‘गराजवाले काका’. ते म्हणाले, धनुष्य ओढलेलं नसलं तरी त्याची पाती वाकवूनच बांधलेली असतात. तार कापलीस तर तो सगळा जोर एका क्षणात सुटेल, आणि तुझं तोंड तिथे असेल. दोन्हीकडचे बोल्ट अ‍ॅलन कीनं आळीपाळीनं, एकेक फेरा सैल करायचे, ताण पूर्ण जाईपर्यंत. बोल्ट पुरेसे लांब नसतील तर दुकानात नेऊन प्रेसवर उघडायचं. (अ‍ॅलन की आणि अ‍ॅलनचं धनुष्य यांचा एकमेकांशी संबंध नाही. मी विचारून घेतलं.)

सगळं सुटल्यावर उरतो तो रायझर, म्हणजे मधला मुठीचा भाग. त्यावर रिकर्व्हची पाती बसवायची. हल्ली ती एका ठरलेल्या मापाची मिळतात. पात्याचं बूड बोल्टच्या डोक्याखाली सरकवायचं, खालचं छोटं बटण खाचेत बसवायचं, आणि दोरी चढवली की ताणानंच पातं जागेवर बसतं. मी वीस पौंडांची जोडी घेतली, शंभर डॉलरच्या आत. रायझरवरचे जुने खण मात्र या पात्यांना आड येतात. ते कापून, कानशीनं घासून सपाट करावे लागतात.

इथे दुसरा धोका. मी ग्राइंडर लावणार होतो, बेसमेंटमध्ये, वॉटर हीटरच्या शेजारी. काकांनी कपाळाला हात लावला. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आणखी भडकतो. विझवायला कोरडी वाळू लागते. दिवाळीत फुलबाजीचा जो लख्ख पांढरा उजेड पडतो ना, तो मॅग्नेशियम नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचाच. म्हणून अंगणात, हातकानशीनं, सावकाश, आणि कीस लगेच झाडून डब्यात. चार संध्याकाळी गेल्या. दिवसा अर्ज पाठवायचे, संध्याकाळी कानस. खरं सांगू? त्या दिवसांत केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसतोय अशी ती एकच गोष्ट होती.

पाती बसली, दोरी चढली. माझा ऊर भरून आला. मुलगी म्हणाली, “दे ना मला, एकदाच ओढते.” मी देणारच होतो. पण काकांची अट होती की आधी माणसाविना चाचणी. म्हणून मूठ बेसमेंटच्या खांबाला बांधली, दोरीला लांब दोरखंड अडकवला आणि दाराआडून ओढायला लागलो. दहाव्या-बाराव्या खेपेला खालचं पातं पिरगळलं, दोरी निसटली आणि पातं सुटून समोरच्या भिंतीवर आदळलं. ड्रायवॉलला भोक पडलं. ते मी अजून बुजवलेलं नाही.

मुलगी जिन्यात उभी होती. ती काही बोलली नाही, मीही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण व्हिसा नव्हतं.

सकाळी काकांनी खालच्या बैठकीवर गुण्या ठेवला आणि उजेडाकडे धरला. गुण्याखालून एका बाजूनं प्रकाश दिसत होता. माझी कानस डावीकडे कललेली होती. पहिल्या वर्षाचे सर डोळ्यांसमोर उभे राहिले! पातं अशा तिरक्या बैठकीवर बसलं की दोरी मधोमध येत नाही, आणि प्रत्येक ओढीला पातं थोडं थोडं पिरगळतं. तपासायची रीत सोपी आहे. पात्यांवर आणि मुठीवर मधोमध टेपच्या बारीक पट्ट्या लावायच्या आणि मागून एक डोळा मिटून बघायचं. दोरीनं सगळ्या पट्ट्या बरोबर झाकल्या पाहिजेत. मी हे चाचणीच्या आधी केलं नव्हतं, कारण मला घाई होती.

बैठक पुन्हा घासली. शिवाय कंपाउंडच्या बैठका जास्त तिरक्या असतात आणि मूठ आखूड, त्यामुळे पात्यांवर लिहिलेल्यापेक्षा ओझं वाढतं. ते मोजायला घरात काय असावं? इंडिया ट्रिपचा बॅगांचा काटा! धनुष्याला अडकवला, मुलीच्या हाताच्या मापाएवढं ओढलं, तर १०.४ किलो, म्हणजे तेवीस पौंड. बारा वर्षांच्या नवशिकीला फारच झालं. काकांनी मेपलच्या लाकडाच्या दोन पाचरी तासून दिल्या. त्या पात्यांखाली बसवून कोन कमी केला, बोल्ट थोडे सैल केले, काटा ८.२ वर आला. मग दाराआडून पुन्हा शंभर वेळा ओढलं. काही सुटलं नाही. मात्र ओढलेलं धनुष्य बाणाशिवाय सोडून द्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. बाणात जाणारा जोर मग पात्यांतच फिरतो आणि ती तडकू शकतात. जनकाच्या दरबारात शिवधनुष्य मोडलं तेव्हा टाळ्या पडल्या. आपल्या अंगणात तसं होणार नाही.

क्लबच्या प्रशिक्षिकेनं धनुष्य हातात घेतलं, उलटसुलट केलं, टेपच्या पट्ट्या पाहिल्या, आणि मला बाजूला नेऊन विचारलं, “चाचणीत काही मोडलं होतं का?” खोटं बोलावंसं वाटलं होतं. सगळं सांगितलं, भिंतीच्या भोकासकट. त्यांनी स्वतः वीस-पंचवीस बाण मारले. मग म्हणाल्या, दर महिन्याला मी तपासणार, आणि तोवर मुलगी एक दिवसाआड क्लबच्या धनुष्यावर. मला ते अगदी रास्त वाटलं.

मुलीचा पहिला बाण लक्ष्याच्या खाली गवतात गेला. दुसराही. पूर्ण ओढून धरल्यावर तिचा हात थरथरत होता. “बाबा, ते चाकवालं शेवटी हलकं होतं ना? हे नाही होत.” मी म्हटलं, नाही होत. ती म्हणाली, “मग मला आधी हेच शिकू दे.” दादा फोनवर हे सगळं बघत होते. त्यांचा एकच प्रश्न : “अरे, ती काढलेली चाकं टाकलीस तर नाही ना?” नाही टाकली. दसऱ्याला पूजेत लॅपटॉपशेजारी मांडली होती.

बेचाळिसाव्या दिवशी नवीन प्रोजेक्ट मिळाला, तेही सांगून टाकतो, कारण मघापासून पुढच्या रांगेतल्या काकू तोच प्रश्न डोळ्यांनी विचारतायत. धनुष्य आज गाडीत आहे, दोरी उतरवून. हॉलमध्ये शस्त्र आणायला परवानगी नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी चहानंतर पार्किंगमध्ये या. आणि कुणाच्या गराजमध्ये जुनं कंपाउंड पडलं असेल तर कृपा करून तारा कापू नका. आधी मला फोन करा, मी काकांना घेऊन येतो.