माहुली न चढता

सुट्टीला आसनगावात उतरलेली मंडळी सॅक सावरत माहुली किल्ल्याकडे निघतात. पण ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी? त्यांनी एक स्टेशन पुढे जावं, आटगावला, आणि गाडी करून तानसा गाठावं.

तानसा तलाव 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय. पिण्याचं पाणी ते, त्यामुळे पोहण्याचा हट्ट सोडाच. वनखात्याची परवानगी घ्या, अभयारण्यात दुर्बीण घेऊन एका जागी बसा. आणि हो, मोबाइलवरची गाणी बंद! रानपिंगळा दिसला तर नशीबच. 1884 नंतर शंभरावर वर्षं हा पक्षी अभ्यासकांना सापडलाच नव्हता. 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, 2014 मध्ये तानसातही. घुबडाच्या कुळातला, पण भरदिवसा शिकार करणारा. उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत असतो.

मुरबाडकडे जायचं तर पौष पौर्णिमेच्या सुमारास म्हशाची जत्रा. तिथला बैलबाजार उभ्या उभ्या पाहावा. बैलाचा जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. घोंगडी घ्यायची असेल तर घासाघीस करा, दुकानदाराचीही तीच अपेक्षा असते. गर्दी फार, तेव्हा सकाळची एसटी पकडा.