वसतिगृहात अध्यापक हवा
(भाषणाचा गोषवारा)



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यालगत, महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भातशेती आणि हिरड्याची वेचणी यांवर तिचा संसार चालतो. घोड नदीवर डिंभे धरण झाले तेव्हा जुने आंबेगाव पाण्याखाली गेले आणि कालव्याचे पाणी पूर्वेच्या बागायतीला मिळाले. या डोंगरातील मुलगा आश्रमशाळेतून बारावी होऊन महाविद्यालयात येतो, तेव्हा पदवीची पायरी चढणारा घराण्यातील तो बहुधा पहिलाच असतो.

त्याच्यासाठी शासकीय वसतिगृहे आहेत, घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. वसतिगृहात गृहपालही असतो; परंतु प्रवेश, हजेरी आणि हिशेब यांतच त्याचा दिवस सरतो. रात्री गणित अडले, इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे पान उलगडेना, तर विचारायचे कोणाला? सुखवस्तू घरात हे काम शिकलेले आईबाप करतात, नाही तर पैसे मोजून शिकवणी लावली जाते. डोंगरातील मुलगा मात्र नापास झाला की मुकाट्याने ट्रंक उचलतो आणि बागायतदाराच्या मळ्यात मजुरीची वाट धरतो. सरकारी कागदावर त्याची नोंद ‘गळती’ अशी होते. जणू दोष त्याचाच!

विद्यार्थ्यांसोबत राहणारा अध्यापक ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे केले आणि ते चालविण्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. तिकडे ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये अध्यापकांनी महाविद्यालयाच्या आवारातच राहण्याची परंपरा शतकांची आहे. धनिकांच्या मुलांना जी सोबत आवश्यक ठरली, ती श्रमिकांच्या मुलांच्या बाबतीत चैन कशी ठरते?

शासनाची दिशा मात्र उलटी आहे. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतील भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात रक्कम जमा करण्याचे धोरण आले. त्याविरुद्ध त्याच वर्षी जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. जबाबदारीचे रूपांतर रकमेत केले की राज्यकर्ते मोकळे होतात. पण शेजारी बसून शिकविणारा माणूस खात्यात जमा करता येत नाही.

कोणी म्हणेल, तासिकेवर शिक्षक नेमा. तासिका संपली की तो शिक्षक निघून जातो. अडचण मात्र दिवा लागल्यावरच उभी राहते. म्हणून प्रत्येक वसतिगृहात निवासी अध्यापक हवा. मुलींच्या वसतिगृहात अध्यापिका हवी. याच खोऱ्यांतील पदव्युत्तर तरुण-तरुणींना त्यात प्राधान्य मिळावे. त्यांना राहण्यास खोली आणि पुरेसे वेतन द्यावे, त्यांच्यावर कारकुनी लादू नये. मानधनाच्या नावाखाली स्वस्तात राबविलेला अध्यापक स्वतःच पिचलेला असेल. तो दुसऱ्याला आधार काय देणार?

महाविद्यालयाचे दार उघडले, एवढ्याने समता येत नाही. आत आलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडेल, याची हमी मागितली पाहिजे. आणि ती संघटितपणे मागितली पाहिजे.