कोल्हा, सिंह आणि कुणबी



आज मी आपणांस फ्रान्स देशांतील एका कोल्ह्याची हकीकत सांगणार आहें. ती आठशें वर्षांपूर्वींची आहे. परंतु नांगर धरणारास अजून कामाची आहे.

इ. स. ११७० च्या सुमारापासून १२५० पर्यंत फ्रान्समध्यें निरनिराळ्या कवींनीं 'रोमां द रनार' या नांवाखालीं पद्यकथा रचल्या. त्यांचा नायक रनार नांवाचा कोल्हा. तो इतका गाजला कीं, फ्रेंच भाषेंतला कोल्ह्याचा जुना शब्द मागें पडला आणि 'रनार' हाच त्या जनावराचा शब्द होऊन बसला.

या कथांतलें रान म्हणजे त्या काळचें राज्यच. नोब्ल सिंह हा राजा. इझेंग्रिन लांडगा हा बलाढ्य, पण अधाशी सरदार. ब्रून अस्वल राजाचा जासूद, मधाच्या नांवानें फसणारा. आणि बेर्नार गाढव हा तर मोठा धर्माधिकारी! माणसाचें नांव न घेतां त्याचें माप काढण्याची ही युक्ति होती.

रनारनें एक कोंबडी मारली. तिला पुरतांच थडग्याशीं चमत्कार सुरू झाले! भित्रा ससा तेथें निजला नि त्याचा ताप गेला. लांडग्यानेंहि आपला दुखरा कान बरा झाल्याचें सांगितलें. कोल्ह्याला फांशीची शिक्षा झाली. तेव्हां त्यानें अंगावर क्रूस लावून यात्रेला जाण्याचें सोंग घेतलें, सुटका करून घेतली आणि मग तो क्रूस फेकून दिला. पापावर धर्माचें पांघरूण कसें पडतें, हें याहून स्पष्ट कोणीं सांगावें?

थोरांची अशी फजिती ऐकून गरीब हंसतो, कोल्ह्याला शाबासकी देतो. पण थांबा, याच ग्रंथांत लिएतार नांवाचा कुणबी आहे. नांगरतांना बैलावर चिडून तो म्हणाला, 'तुला अस्वल खावो!' अस्वल जवळच होतें. तें बैल मागूं लागलें. कोल्ह्यानें युक्ति सांगून कुणब्याकडून अस्वल मारविलें व मोबदला म्हणून कोंबडा मागितला. कुणब्यानें बायकोच्या सल्ल्यानें शब्द फिरविला, कोल्ह्यावर कुत्रे सोडले. तेव्हां कोल्ह्यानें धमकी दिली, 'तूं अस्वल मारलेंस, हें जहागीरदाराला कळवितों.' रानांतली शिकार जहागीरदाराची. कुणब्यानें ती केली तर जिवावर बेतावयाचें. बिचाऱ्यानें मुकाट्यानें कोंबडा नि पिलें आणून दिलीं.

कुणब्यानेंहि शब्द मोडला, हें मी झांकीत नाहीं. पण नीट पाहा. लांडग्याला फसवितांना कोल्हा आपली अक्कल वापरतो. कुणब्याला दाबतांना मात्र तो जहागीरदाराचा कायदा वापरतो. सरदारांचा वैरी गरज पडतांच त्यांचाच चुगलखोर होतो! म्हणून सिंहाची टवाळी करणारा प्रत्येकजण आपला कैवारी, असें समजूं नका. अखेरचा हिशेब कोणाच्या खुराड्यांतून चुकता होतो, तेवढें बघा.

लिएतारजवळ बैल होते, कोंबड्या होत्या. पण अस्वल आलें तेव्हां तो शेतांत एकटा होता, आणि धमकी आली तेव्हांहि एकटाच. ज्याच्या पाठीशीं गांव उभा असतो, त्याला कोल्ह्याचा सल्ला विकत घ्यावा लागत नाहीं.