नांदते किल्ले: भूतानमध्ये काय पाहावं?

थिंपूचा ताशिछो झोंग पाहायला कामाच्या दिवशी गेलात, तर कचेरी सुटेपर्यंत आत सोडत नाहीत. कारण साधं आहे: आत राजाचं कार्यालय आहे, सरकारी खाती आहेत आणि उन्हाळ्याचे महिने देशाच्या मुख्य भिक्षुसंघाचा मुक्कामही तिथेच असतो. आपल्याकडून निघणाऱ्या सहलींना ही अडचण वाटते, म्हणून ताशिछो लांबूनच दाखवून गाडी पुढे काढली जाते. सारी धाव असते ती ताक्त्सांगकडे, म्हणजे पारो खोऱ्याच्या वर कड्याला चिकटलेल्या त्या प्रसिद्ध मठाकडे. ताक्त्सांग पाहू नका असं कोण म्हणेल? पण जेमतेम ३८ हजार चौरस किलोमीटरच्या आणि आठ लाखांहून कमी वस्तीच्या या डोंगरी देशात खरोखर पाहण्याजोगं काही असेल, तर ते हे झोंग, आणि तेही आत कचेऱ्या चालू आहेत म्हणून. भूतानच्या वास्तू टिकल्या त्या कुणी त्यांना स्मारक म्हणून जपलं म्हणून नव्हे. त्यांच्या हाताला काम होतं, म्हणून त्या टिकल्या. आज मांडायचा मुद्दा एवढाच आहे.

झोंगला आपण सवयीने किल्ला म्हणतो, पण तो अर्धाच किल्ला आहे. तिबेटमधून १६१६ साली आलेल्या झाबद्रुंग नवांग नामग्याल यांनी इथली खोरी एका सत्तेखाली आणली. धर्म आणि कारभार ही दोन खाती वेगळी, पण छप्पर एक, अशी त्यांची राज्यव्यवस्था होती. १६२९ चा सिम्तोखा हा या मालिकेतला पहिला झोंग. पुनाखा १६३७-३८ मधला, फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा. तिथे ही व्यवस्था भिंतींतच वाचता येते. उभ्या चढणीचा लाकडी जिना चढून आत गेलं की पहिला चौक लागतो. त्यात पांढरा स्तूप आहे, एक मोठा बोधिवृक्ष आहे आणि भोवतीच्या सोप्यांत जिल्ह्याचा कारभार चालतो. मग मधोमध उभा असलेला मनोरा, म्हणजे उत्से. त्याच्या पलीकडे भिक्षूंचे चौक आणि शेवटी झाबद्रुंगांचा देह ठेवलेलं मंदिर. म्हणजे जमिनीच्या कागदासाठी आलेला शेतकरी आणि पोथी घेऊन बसलेला बालभिक्षू यांच्यामध्ये अंतर आहे ते एका मनोऱ्याचं. शेतकऱ्यालाही आत येताना पोशाखाचा नियम पाळावा लागतो. पुरुषांना घो आणि त्यावर खांद्यावरून घेतलेलं कबने नावाचं लांब वस्त्र. बायकांना किरा आणि राचू. कबनेचा रंग दर्जा सांगतो. सामान्य माणसाचा पांढरा, मंत्र्याचा नारिंगी. पिवळा मात्र राजा आणि मुख्य धर्मगुरू जे खेन्पो यांचाच. सरकारदरबारी जाणं म्हणजे काय, हे इथे शब्दशः दिसतं.

आता पुरावा पाहू. या वास्तू दगडमातीच्या आणि लाकडाच्या. आत अखंड लोण्याचे दिवे. त्यामुळे भूतानच्या वास्तूंचा इतिहास हा बराचसा आगींचा इतिहास आहे. १८९७ च्या आसाम भूकंपाने अनेक झोंग खिळखिळे केले, तो भाग वेगळाच. पारोचा रिनपुंग झोंग १९०७ मध्ये जळाला. ताक्त्सांग १९९८ च्या एप्रिलमध्ये जळाला. १६३८ चा वांग्दी फोद्रांग २०१२ च्या जूनमध्ये एका दिवसात भस्म झाला. तिन्ही ठिकाणी पुन्हा इमारत उभी राहिली: पारोत लगोलग, ताक्त्सांगला २००५ पर्यंत, तर वांग्दीला २०२२ मध्ये, ज्याच्या खर्चाचा मोठा भार भारत सरकारने उचलला. याच्या शेजारी द्रुकग्येल झोंग ठेवून पाहा. तिबेटवरच्या विजयाची खूण म्हणून, पारोच्या वरच्या अंगाला, उत्तरेच्या वाटेवर नजर ठेवायला तो बांधला होता. १९५१ मध्ये तो जळाला आणि साठहून अधिक वर्षं पडून राहिला. लाकूड तेच, गवंडी तेच, खोरंही पारोचंच. फरक एवढाच की तिबेटी स्वारीची धास्ती सरली होती आणि खोऱ्याचा कारभार खाली रिनपुंगमधून चालत होता. द्रुकग्येलची कुणाची रोजची गरज उरली नव्हती. पुण्याच्या श्रोत्यांना हे पटवायला फार लांब जायला नको. शनिवारवाड्यात पेशवाईतही आगी लागल्या होत्या, तरी वाडा नांदत राहिला. १८२८ ची आग मात्र शेवटची ठरली, कारण तोवर पेशवेच उरले नव्हते. उरले ते तट, दरवाजे आणि जोती.

यावर सरळ आक्षेप येतो: मग आपण पाहायचं ते काय? २०२२ मध्ये रंगवलेल्या भिंतींना सतराव्या शतकातलं कसं म्हणायचं? आक्षेप हलका नाही. जळालेली भित्तिचित्रं परत येत नाहीत. त्याच देवता त्याच जागी त्याच मापाने रंगवल्या, तरी तो हात गेलेला असतो. वांग्दीत दुरुस्तीच्या निमित्ताने बऱ्याच मौल्यवान वस्तू आधीच हलवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. पारोच्या आगीतून वाचलं ते मुख्यतः एक भव्य पट, थोंगद्रोल. तो आजही पारोच्या त्सेचू उत्सवात शेवटच्या दिवशी पहाटे उलगडतात आणि ऊन पडायच्या आत गुंडाळून ठेवतात. हे नुकसान मान्य करूनही माझं म्हणणं असं, की झोंगमध्ये जुनं असतं ते लाकूड नव्हे. जुनी असते आखणी आणि जुना असतो कारागिरीचा वारसा. १९६२ ते ६९ या काळात तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी ताशिछो जवळजवळ नव्याने उभारला, तेव्हा परंपरेप्रमाणे कागदावर नकाशा न काढता आणि लोखंडी खिळे न वापरता काम झालं, असं सांगतात. आत झुकत जाणाऱ्या पांढऱ्या भिंती, छपराखालचा गेरूचा पट्टा, एकमेकांत अडकवलेली लाकडी खिडक्यांची चौकट, हे सगळं करणारी माणसं देशात होती. भूतानमध्ये सुतारकाम, गवंडीकाम, रंगकाम, ओतकाम अशा तेरा कला परंपरेने मोजल्या जातात आणि थिंपूत त्या शिकवणारी सरकारी शाळा आहे. पण नुसत्या शाळेने कारागीर जगत नाही, त्याला काम लागतं. ते झोंग पुरवतात. हा वारसा काचेच्या कपाटात ठेवलेल्या देशांत एक आग लागली की परदेशातून तज्ज्ञ बोलवावे लागतात.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलट बाजूने येतो, आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. वास्तू वापरात राहते म्हणूनच ती जळते. दिवे, मुदपाक, जुनाट वायरिंग, शेकडो माणसांची वर्दळ. रिकाम्या किल्ल्याला यातलं काही नसतं. बरोबर आहे. म्हणून अनेक ठिकाणी लोण्याचे दिवे मुख्य मंदिरातून काढून बाहेरच्या वेगळ्या खोलीत लावू लागले आहेत. पुनाखाला तर आगीबरोबर पाण्याचीही भीती. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये वर लुनाना भागात लुग्गे त्सो हे हिमसरोवर फुटलं आणि त्या लोंढ्याने संगमावरच्या झोंगचंही नुकसान केलं. वीसहून अधिक माणसं दगावली. वस्तुसंग्रहालयवाल्याने तिथून वास्तू हलवा म्हटलं असतं. भूतानने डागडुजी केली आणि काम चालू ठेवलं. त्याच झोंगमध्ये १९०७ मध्ये पहिले राजे उग्येन वांगचुक गादीवर बसले होते. २०११ मध्ये सध्याच्या राजांचा विवाहही तिथेच झाला. दर हिवाळ्यात भिक्षुसंघ थिंपूहून पुनाखाच्या उबदार खोऱ्यात उतरतो, तो प्रघातही चुकला नाही. सुरक्षितता आणि वापर यांत निवड करायची वेळ आली, की त्यांनी वापर निवडला. ही निवड धोक्याची आहे, पण डोळे उघडे ठेवून केलेली आहे.

तिसरी गोष्ट पर्यटन पुस्तिकांत नसते, पण ती टाळून झोंगबद्दल बोलणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. झोंग हे सत्तेचं घर आहे. ते वेठबिगारीवर उभे राहिले. धान्य आणि लोणी कर म्हणून याच चौकांत जमा होई. १९८९ मध्ये घो-किरा आणि शिष्टाचाराचे नियम देशभर सक्तीचे झाले, तेव्हा दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजाला ते आपल्यावर लादलेले वाटले. पुढच्या काही वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसं नेपाळमधल्या छावण्यांत गेली आणि त्यांतली बहुतेक नंतर अमेरिका आणि इतर देशांत वसली. मग असा झोंग कौतुकाने का पाहायचा? कौतुकाने पाहायलाच हवा, असं कुठे आहे? 'सुखी देश' या चौकटीतून पाहिलं की झोंग नुसता देखणा दिसतो. कचेरी म्हणून पाहिलं, तर पांढरं वस्त्र कुणाच्या खांद्यावर आहे, नारिंगी कुणाच्या, आणि त्या दाराशी कोण येऊच शकलं नाही, हे प्रश्न आपोआप पडतात. माझ्या मते ही पाहणी जास्त खरी आहे.

तेव्हा भारतीयांना रात्रीला १,२०० रुपये शुल्क भरून जायचंच आहे, तर दिवसांची वाटणी थोडी बदला. पुनाखाला पुलावरून फोटो काढून परतू नका. चौकात निवांत बसा, कारकून आणि भिक्षू दोघांचीही ये-जा बघा. पारोत रिनपुंगच्या वरचा ता झोंग पाहा: टेहळणीचा बुरूज निकामी झाल्यावर १९६८ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचं काम दिलं. सिम्तोखातही १९६१ पासून कित्येक वर्षं भाषा आणि धर्मविद्येची शाळा भरत होती. क्यिचू हे सातव्या शतकातलं मानलं जाणारं मंदिर तर छोटंसंच, पण माळ ओढत प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनी ते भरलेलं असतं. आणि द्रुकग्येललाही जा, कारण माझ्या मुद्द्याची खरी परीक्षा तिथेच आहे. राजपुत्राच्या जन्माच्या आनंदाप्रीत्यर्थ २०१६ मध्ये त्याची पुनर्बांधणी सुरू झाली. १९५१ नंतर गरज नव्हती म्हणून सोडलेली वास्तू अभिमानासाठी पुन्हा उभारायला घेतली गेली. म्हणजे कामाशिवायही झोंग उभा राहू शकतो, एवढं मला मान्य करावं लागेल. मात्र त्याचे चौक कोण झाडणार, छपरावरून गळणारं पाणी पहिल्यांदा कुणाच्या दप्तरावर पडणार आणि त्याची तक्रार कोण करणार, हे तिथे कुणाला राहायला आणि कामाला बसवतात त्यावर ठरेल.