शास्त्रीय नावांतले 'कर'

(यंदाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आपल्या मंडळात पुणेकर, सातारकर, कोल्हापूरकर असे कितीतरी 'कर' आहेत. झाडांच्या आणि प्राण्यांच्या लॅटिन शास्त्रीय नावांतही असाच 'कर' असतो. तिथे तो 'एन्सिस' होतो. अर्थ एवढाच, की त्या गावचा. मांडवावरून पिवळ्या-तांबड्या फुलांचे लांब घोस सोडणारी वेल आपण पाहिली असेल. तिचे नाव थुनबर्गिया मायसोरेन्सिस, म्हणजे चक्क म्हैसूरकर! कोकणातला, पांढऱ्या फुलांचा एक कंद आहे डिपकाडी कोंकनेन्से. लॅटिनमध्ये डिपकाडी नपुंसकलिंगी, म्हणून शेवट 'एन्से'.

एकदा रीतसर प्रसिद्ध झालेले असे विशेषण गावाचे नाव बदलले म्हणून बदलत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून आपले शहर अधिकृतपणे 'मैसूरु' झाले, वेल मात्र मायसोरेन्सिसच राहिली. आपल्या स्टेशनची पाटी बदलली, पण कोड एम. वाय. एस. हाच राहिला, तसेच हे.

मात्र नावातले गाव म्हणजे मूळ गाव, असे दर वेळी नसते. लिनियसने १७५३ साली चिंचेला टॅमरिंडस इंडिका म्हटले, पण चिंच मूळची आफ्रिकेतली. तरी आपली आमटी आणि इथले सारू, दोन्ही तिच्यावाचून अडते. बाहेरून येऊन घरची झालेली ती पहिली पाहुणी म्हणावी, आपण तर फार नंतरचे!

आता एक खरा गाववाला. कोयना परिसरातील एका भेकाला १९६३ साली 'कोयनायेन्सिस' हे नाव मिळाले. २००९ मध्ये त्याची प्रजाती बदलून झँथोफ्रायनी झाली, म्हणजे जणू घराणे बदलले, पण 'कोयनाकर' कायम राहिले. सह्याद्रीच्या थोड्याशा भागाखेरीज तो जगात कुठेही नाही.

आपण 'कर' मंडळी बदली झाली की ट्रंका भरतो आणि म्हैसुरातही गणपती बसवतो. त्या भेकाला बदली नाही. त्याचा डोंगर गेला तर नुसते नाव पुस्तकात उरेल. म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना देवळाबरोबर गावचा डोंगर आणि ओढाही दाखवा. आडनावातले गाव तिथेच जिवंत असते.

गणपती बाप्पा मोरया!