फिरती तबकडी आणि गोपाळकाला



मागच्या वर्षी आपण दहाजण मुंबईत एका बड्या चायनीज हॉटेलात जेवलो. गोल टेबल, मधे फिरणारी काचेची तबकडी. मंचुरियन चीनचं नाहीच, 1975 साली नेल्सन वांग यांनी ते मुंबईच्या क्रिकेट क्लबात केलं, हे मी ऐटीत सांगितलं. सगळे चकित झाले.

आपल्यातला एकजण माळकरी. कांदा-लसूणही खात नाही. तबकडी त्याच्यासमोरून नुसती फिरत राहिली. वेटरने आणलेला साधा भात खात तो आपल्या विनोदांवर हसत बसला. बिल आलं, तेव्हा मीच म्हणालो, "सरळ दहा वाटे करा." त्याने मुकाट्याने पैसे काढले. एसटी स्टँडवर त्याने बिस्किटांचा पुडा घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण तोंडातून शब्द निघाला नाही.

आपण पंढरपूरची पोरं. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला खात वाढलो. तिथे लाह्या-दही एकत्र कालवतात आणि कुणीही आला तरी हातावर प्रसाद पडतो. आपल्या तबकडीवर पदार्थ होते, काला नव्हता.

मित्रा, नाव घेत नाही. तू ओळखलं असशीलच. सर्वांदेखत तुझी माफी मागतो. आजचा सगळा स्वयंपाक बिनकांदा-लसणाचा आहे. तू पहिल्या पंगतीला बस, वाढायला मी आहे.

रामकृष्णहरी!