भेकराची वाट आणि कॅमेऱ्याचा डोळा

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचे रान जेथे दोडामार्गाच्या डोंगरांना जाऊन भिडते, तेथे उन्हाळ्यात सडे तापून काळवंडतात आणि पायथ्याच्या एखाद्याच व्हाळात पाणी उरते. त्या पाण्यावर तिन्हीसांजेला भेकर उतरते. ते सरळ कधीच येत नाही. आधी झाडोऱ्यात उभे राहून वारा घेते, चार पावले टाकते, पुन्हा थांबते. अशा व्हाळाच्या काठी कोणा अभ्यासकाने समोरच्या झाडाला कॅमेरा बांधला आहे असे धरून चालू. भेकर पाण्याला तोंड लावणार, तोच समोरून बारीकसा खटका होतो आणि काळोखात काहीतरी फिकट उजळते. भेकर क्षणभर ताठ उभे राहते, कुत्र्यासारखे खर्जात भुंकते आणि उडी घेऊन नाहीसे होते. छायाचित्रात उरते ती वर उचललेली पांढरी शेपटी.

दुसऱ्या रात्री ते आले तरी दुरून आणि बिचकत. तिसऱ्या रात्री आलेच नाही. पंधरवड्याने अभ्यासक येतो, कॅमेऱ्यातील कार्ड काढून पाहतो आणि वहीत लिहितो: या पाणवठ्यावर भेकर क्वचित. वास्तविक भेकर तेथे रोजचेच होते. त्याला तेथून घालवले ते कॅमेऱ्याने.

हे वाक्य वहीतच राहिले असते, तर फारसे बिघडले नसते. परंतु पेडणे-डिचोलीची स्थिती निराळी आहे. गोव्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांपैकी एकही या दोन तालुक्यांत नाही. सत्तरीला १९९९ साली म्हादईचे अभयारण्य लाभले, तिळारीच्या खोऱ्याला २०२१ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. मधल्या पट्ट्यातील रान मात्र कागदावर केवळ रानच राहिले. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी झाल्या. २०१२ साली त्या थांबल्या. पुढे त्यांना पुन्हा वाट मिळाली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२२ साली विमानतळ उभा राहिला. अशा भूमीत पुढचा रस्ता, पुढची खाण, पुढची वसाहत यांचा प्रश्न निघाला की पहिली विचारणा होते ती, येथे जनावरे आहेत काय, अशी. तेव्हा 'भेकर क्वचित' हे तीन-चार अक्षरी शब्द फार जड होतात.

याची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. म्हादईच्या अभयारण्यात गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ मृत आढळले. गुरे मारली गेल्याच्या रागातून त्यांच्यावर विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. वाघ गोठ्याकडे का वळतो, याचे उत्तर शोधताना रानात सांबर, भेकर, डुक्कर किती उरले आहेत हे आधी ठाऊक असावे लागते. वाघाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते, हरणाचे येत नाही. पण हिशेबाची सुरुवात हरणापासून होते.

जनावराने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरोवराकाठच्या हरणांची रात्रीची छायाचित्रे घेतली, आणि जुलै १९०६ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने त्यांतील ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. हिंदुस्थानात वनखात्यातील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात शिवालिकच्या रानात वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की दारू भडकावी आणि छायाचित्र उमटावे, अशी ती योजना होती. बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेणारे ते थोर छायाचित्रकार, यात शंका नाही. तथापि त्या भडक्याने जनावराची काय गत होत असेल, हे सांगायला नको. पुढे १९९०च्या दशकात डॉ. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत वाघाच्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटवण्याची पद्धत रूढ केली. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रे निघाली. त्यांत वाघाची होती ७६,६५१. बाकीच्या ढिगात हरणेही होती.

आजच्या कॅमेऱ्याला तार लागत नाही. समोरून उष्ण देहाची हालचाल झाली की त्यातील संवेदक ती ओळखतो आणि कॅमेरा जागा होतो. रात्री तो माणसाला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो. यावरून असा समज पसरला की जनावराला काही कळतच नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बाजारातील अनेक कॅमेरे तपासून दाखवले की त्यांचे आवाज सस्तन प्राण्यांच्या कानाच्या टप्प्यात येतात आणि त्यांचा प्रकाशही अनेकांना जाणवू शकतो. कित्येक कॅमेऱ्यांत दिवसाचे छायाचित्रण संपून रात्रीचे सुरू होताना आतली एक काच सरकते. तिचा खटका आपल्या कानांना नगण्य, रानाच्या शांततेत नगण्य नव्हे. प्रकाशाचेही दोन प्रकार आहेत. सुमारे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांत अंधुक तांबडा ठिपका दिसतो. ९४० च्या दिव्यांत तो जवळपास दिसत नाही, मात्र प्रकाश कमी पडतो आणि चित्र धूसर येते. हरणाला तांबडा रंग माणसाइतका दिसत नाही हे खरे. निळ्याकडे त्याची नजर अधिक तीक्ष्ण. तरीही हरणांच्या अभ्यासासाठी थोडे धूसर चित्र पत्करावे. पांढरा लखलखाट मात्र सर्वथा वर्ज्य.

डोळ्यापेक्षा नाक मोठे. भेकर आधी वासाने पाहते. नवा कॅमेरा म्हणजे प्लास्टिकचा, रबराचा आणि तो बांधणाऱ्याच्या हाताच्या घामाचा वास. डासांसाठी अंगाला चोळलेले तेल, खिशातील विडी, डब्यातील सुक्या बांगड्याचे कालवण ही सगळी पत्रे झाडाखाली लिहून ठेवल्यासारखीच. म्हणून जाणकार मंडळी कॅमेरा आणि त्याचे पट्टे काही दिवस उघड्या हवेत टांगून ठेवतात, बांधताना हातमोजे घालतात, आणि ज्या वाटेने हरीण येते ती वाट स्वतः तुडवीत नाहीत. काम दुपारी उरकावे. त्या वेळी हरीण सावलीत रवंथ करीत असते. भेट जितकी विरळ तितकी बरी. रोज जाऊन 'काही आले का' हे पाहण्याची हौस अनेकांना अनावर होते, आणि तिनेच कित्येक जागा ओसाड पडतात.

जागा निवडताना पाणवठ्याच्या अगदी कडेवर बसू नये. मार्च ते मे या काळात त्या एका डबक्यावर सारे रान अवलंबून असते. तेथे भीती घातली तर तहानेला दुसरे घर नाही. पाण्याकडे येणारी वाट थोडी मागे हेरावी. खुरांचे ठसे, लेंड्या, शिंगे घासून सोललेली कोवळी झाडे यांवरून ती सापडते. आंबाडा किंवा आवळा यांचा सडा पडलेली जागा भेकराला विशेष प्रिय. गळलेली फळे वेचत ते बराच वेळ रेंगाळते.

कॅमेरा वाटेच्या समोर उभा करण्याची चूक सर्वांत सार्वत्रिक आहे. चालत्या जनावराच्या तोंडावर येणारी कोणतीही वस्तू त्याला आव्हानासारखी वाटते. वाटेच्या बाजूला, तीन-चार मीटर अंतरावर, तिरका बसवावा. मग प्रकाश डोळ्यांत शिरत नाही आणि देह चौकटीत अधिक वेळ राहतो. वाघासाठी तो गुडघ्याइतक्या उंचीवर बांधतात. भेकर खांद्याशी सुमारे दोन फूट, म्हणून त्याच्यासाठीही तीच उंची जुळते. सांबरासाठी थोडे वर जावे. पिसोरीचे म्हणाल तर ती जेमतेम फूटभर, तिच्यासाठी घोट्यापाशी वाकणे आले. कोणी म्हणतात, माणसाच्या डोक्यावर बांधून खाली झुकवावा, म्हणजे हरणाची नजर जात नाही. नजर जात नाही हे खरे, परंतु लहान जनावर संवेदकाच्या झोतातूनही निसटते. पाठीशी जाड खोड असावे, उघडे आकाश नसावे. समोरचे गवत हलकेच दाबावे, कोयता चालवून अंगण करू नये.

गोव्याच्या हवेची स्वतःची एक अडचण आहे. एप्रिल-मेच्या दुपारी सड्यावरील दगड आणि जनावराचे अंग यांच्या उष्णतेत फारसा फरक उरत नाही, आणि संवेदक फसतो. म्हणून तोंड उत्तरेकडे ठेवून सावली शोधावी. मृग लागला की भिंगावर दमट वाफ धरते. आत ओल शोषणाऱ्या खड्यांची पुडी आणि खोडावरून ओघळणारे पाणी चुकवील अशी बांधणी हवी. चोरीच्या भयाने लोखंडी पेटी घातली तर तिला मातकट रंग द्यावा. चकाकणारा पत्रा म्हणजे हरणाला दिलेली दवंडीच.

रानात हरणाखेरीज माणसेही फिरतात. फाट्यांसाठी, काजूच्या बोंडांसाठी जाणाऱ्या बायकांची वाट आणि भेकराची वाट पुष्कळदा एकच. कॉर्बेटच्या परिसरातील केंब्रिज विद्यापीठाच्या २०२४ सालच्या अभ्यासात दिसले की अशा कॅमेऱ्यांच्या धाकाने बायका रानात गाणे-बोलणे सोडून देतात. त्यांची चित्रे नको त्या हाती पडल्याचेही आढळले. वनखात्याची परवानगी तर हवीच; पण वाड्यावरील थोरांना आधी विचारणे, आणि माणसाचे चित्र आले तर ते पुसून टाकणे, हेही कामाचाच भाग समजले पाहिजे.

इतके करून पंधरवड्याने कार्ड काढले असता जे चित्र मिळते त्याची पारख सोपी आहे. कान ताठ, मान वर, नजर सरळ भिंगात असे भेकर म्हणजे बिथरलेले भेकर. ती जागा दहा पावले मागे घ्यावी. कान सैल, मान खाली, जबडा आंबाड्याच्या फळावर हलतो आहे, पाठीमागे अंधारात आणखी दोन डोळे चमकत आहेत, आणि पुढच्या चित्रात, चार मिनिटांनी, तेच भेकर अजून तेथेच आहे, तर कॅमेरा हलवू नये.